पडद्यामागून उत्तरं: ‘द प्रेस्टिज’ आणि आपले ट्रिकसीन

मागच्या अंकात मी ओझरतं लिहिलं होतं की ‘द प्रेस्टिज’ हा 2006 सालचा इंग्रजी सिनेमा आमच्या कंपनीतल्या पोरांना मुद्दाम बसवून दाखवला. ख्रिस्तोफर नोलनचा सिनेमा. एकोणिसावं शतक संपतानाचं लंडन आणि एकमेकांच्या जिवावर उठलेले दोन जादूगार, अँजियर आणि बोर्डन. तेवढ्या उल्लेखावर बरीच पत्रं आली. कोकणातल्या दशावतारी नाटकात ट्रिकसीन, म्हणजे रंगमंचावरचे चमत्कार, करणाऱ्या माणसाला एरवी एकच प्रश्न येतो, मुंडकं कसं बोलतं? तो याही वेळी आहेच.

प्रश्न : सिनेमात एक म्हातारा चिनी जादूगार कपड्याखालून पाण्याने भरलेलं माशांचं भांडं काढतो. असा कोणी खरंच होता का?
— एक वाचक, कणकवली

होता, आणि सिनेमात दाखवलाय त्याहून नाटकी होता. चुंग लिंग सू हे त्याचं सोंगाचं नाव. खरा माणूस अमेरिकन, विल्यम रॉबिन्सन. आधी केलर आणि हरमन या बड्या जादूगारांच्या हाताखाली राबायचा, त्यांची यंत्रं सांभाळायचा, म्हणजे आमच्याच जातकुळीतला. 1900 पासून त्याने चिनी वेश घेतला. स्टेजवर इंग्रजी बोलायचाच नाही, पत्रकार भेटायला आले तरी मध्ये दुभाषा. सिनेमाने त्याला काही वर्षं आधीच लंडनात आणून बसवलंय. चालायचंच, आपल्या नाटकात कुठला राजा कुठल्या युगात शिरतो ते कोण बघतं!

भांड्याचा खेळ मुळात चिंग लिंग फू या अस्सल चिनी जादूगाराचा. भलंमोठं भांडं झग्याखाली मांड्यांत धरून चालत यायचं. ती चाल लपवायची तर माणूस स्टेजबाहेरही तसाच खुरडत चालला पाहिजे, आणि सिनेमाने नेमकं तेच पकडलंय.

सूचा शेवट मात्र सिनेमात नाही. 23 मार्च 1918, लंडनचं वुड ग्रीन एम्पायर थिएटर. झाडलेली गोळी ताटलीत झेलायचा खेळ. बंदुकीला दोन नळ्या. खरी गोळी वरच्या नळीत नुसती पडून राहायची, बार उडायचा तो खालच्या, दारू ठासायचा गज ठेवायच्या नळीतला. वर्षानुवर्षं वापरून आतले आटे झिजले, दारू हळूहळू झिरपली आणि त्या रात्री वरची नळीही पेटली. गोळी छातीत शिरली. पडदा पाडा, असं तो इंग्रजीत म्हणाला, तेव्हा कुठे प्रेक्षकांनी त्याच्या तोंडून इंग्रजी ऐकलं. दुसऱ्या दिवशी गेला. राक्षसाच्या प्रवेशाला मशालीवर राळ फेकणाऱ्या आमच्या पोरांना मी हे सांगतो. सामान रोज तेच असतं म्हणून रोज तसंच वागेल, या भरवशावर राहू नये.

प्रश्न : जत्रेत ताटातलं मुंडकं डोळे उघडून बोलतं. ते कसं, ते एकदा सांगूनच टाका.
— एक वाचक, वेंगुर्ला

आमच्या कंपनीचं सांगणार नाही, पेटाऱ्याची शपथ आहे. लंडनमधलं सांगतो, ते कधीच फुटलंय. 1865 मध्ये इजिप्शियन हॉलमध्ये स्टोडेअर नावाच्या जादूगाराने टेबलावरच्या पेटीत एक मुंडकं ठेवलं आणि ते बोललं. टेबल तीन पायांचं. पायांच्या मध्ये दोन आरसे असे तिरके बसवलेले की बाजूचा पडदा त्यांत दिसावा. बाजूचा आणि मागचा पडदा एकाच रंगाचा, त्यामुळे टेबलाखालून थेट मागचं दिसतंय असं वाटायचं. माणूस आरशांमागे गुडघ्यांवर.

तिकडे प्रेक्षक बसणार एकाच बाजूला. आमच्याकडे देवळासमोर तीन बाजूंनी माणसं, आणि पोरं तर रंगमंचाच्या कडेला हनुवटी टेकून. त्यात खारी हवा. आरशाचा मुलामा काठापासून काळा पडत आत सरकतो. उत्तररात्री दंव पडलं की काच धुरकटते. सगळ्यांत छळवादी म्हणजे हॅलोजनवर येणारे पतंग. एखादा आरशावर टेकला की त्याचे दोन होतात, पोटाला पोट लावून, आणि टेबलाखालच्या मोकळ्या हवेत लटकलेले दिसतात. मग मागून कोणीतरी ओरडतोच, “अरे, आरसो आसा थंय!”

तुम्ही पाहिलं असेल, या सीनच्या आधी खांद्यावर फडकं टाकलेला एक सेवक उगाच लुडबुडतो, टेबल पुसतो, राजाच्या शिव्या खातो. लोक त्याला हसतात. यापुढे मी बोलणार नाही.

प्रश्न : काका, बोर्डन म्हणजे जुळे भाऊ निघतात ते पटलं. पण अँजियरला टेस्ला हा शास्त्रज्ञ माणसाची नक्कल काढणारं यंत्र बनवून देतो आणि हातचलाखीची गोष्ट एकदम विज्ञानकथा होते. मला फसवल्यासारखं वाटलं. तुम्हाला?
— एक विद्यार्थिनी, देवगड

(ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांनी हे उत्तर सोडून पुढे जावं. बाईंनी सगळा शेवट फोडलाय.)

बाळा, मला फसवल्यासारखं नाही वाटलं, पण यंत्र सुरू झालं आणि माझा रस गेला. विजा कडाडतात, माणूस इथून तिथे. त्यात कारागिराने बघावं असं काय आहे? निकोला टेस्ला 1899 मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्जला प्रयोग करत होता हे खरं, पण माणसाची नक्कल काढायचं यंत्र ही लेखकाची करामत. गंमत म्हणजे टेस्ला खुर्चीत शांत बसलाय आणि डोक्यावर विजांचं जाळं, हे प्रसिद्ध छायाचित्रसुद्धा ट्रिकसीनच. एकाच काचेवर दोनदा घेतलेलं. विजा वेगळ्या वेळच्या, टेस्ला वेगळ्या वेळचा.

भावांचं मात्र मला आतून कळलं. आमच्याकडे राक्षस डाव्या विंगेत गुप्त होतो आणि त्याच क्षणी प्रेक्षकांच्या मागून डरकाळी फोडत येतो. अर्थात दोन माणसं. अंगलट सारखी, मुखवटा सारखा, पण तेवढ्याने भागत नाही. पहिला उजव्या पायावर जोर देत असेल तर दुसऱ्यालाही तसंच चालावं लागतं. आणि त्या दुसऱ्याने जत्रेत फिरायचं नाही. खाजं घ्यायला, चहाला स्टॉलवर जायचं नाही, कारण गावातल्या पोरांचे डोळे फार वाईट. नाटकाच्या बोर्डावर त्याचं नाव नसतं. सिनेमातल्या एका भावाची बोटं बंदुकीत गेली म्हणून दुसरा स्वतःची तोडून घेतो. लोकांना ते अतिरेकी वाटलं. मला त्यातली जातच ओळखीची वाटली.

अँजियरचा तोतया आठवतो? दारुडा नट, रूट. टाळ्या त्याला मिळतात आणि खरा अँजियर फळ्यांखाली, अंधारात, त्याच टाळ्यांना कमरेत वाकून मुजरा करतो. अख्ख्या सिनेमात मी ते एकच दृश्य मागे नेऊन पुन्हा पाहिलं. आमच्या मागून येणाऱ्या राक्षसालाही दाखवलं. तो काही बोलला नाही, पण पुढच्या प्रयोगाआधी मालकाकडे मानधन वाढवून मागितलं. मिळालं.

प्रश्न : हुदिनी हा जादूगार सिनेमातल्यासारख्याच पाण्याच्या टाकीत बुडून मेला ना?
— एक वाचक, रत्नागिरी

नाही. त्याची ती टाकी 1912 ची, म्हणजे सिनेमातल्या काळानंतरची. तो 1926 मध्ये डेट्रॉइटच्या इस्पितळात गेला, अपेंडिक्स फुटून.

प्रश्न : मुलगा आठ वर्षांचा आहे, जादूचं वेड आहे. सिनेमा दाखवू का? पिंजऱ्यातला पक्षी खरंच मारत होते का?
— एक आई, मालवण

इतक्यात नको. एक बाई गळफास घेते, एकाला फाशी होते, आणि पक्षी चिरडलेला दाखवलाय. बारा-तेराचा झाला की दाखवा.

पक्ष्याचं म्हणाल तर हा खेळ बुआतिए द कोल्टा या फ्रेंच जादूगाराचा, 1875 च्या सुमाराचा. पिंजरा मिटतो आणि दोरीने सर्रकन बाहीत खेचला जातो. पक्षी मरतो अशी ओरड लंडनातही झाली, म्हणून 1921 मध्ये कार्ल हर्ट्झ या जादूगाराने ब्रिटिश संसदेच्या समितीसमोर खेळ करून पक्षी जिवंत काढून दाखवला. सिनेमात मात्र तो बघून एक लहान मुलगा रडतो आणि या पक्ष्याचा भाऊ कुठे गेला, असं विचारतो. तुमच्या मुलाने तेच विचारलं तर त्याला आमच्याकडे पाठवा, सेवकाची जागा रिकामी होतेय.