६० मुलांच्या गुणांची वारंवारता सारणी हाताने केली तर वेगळी आणि एक्सेलमध्ये वेगळी येते. ४० गुण ३०-४० मध्ये धरायचे की ४०-५० मध्ये?

तुमचं चुकलेलं नाही आणि एक्सेलचंही नाही, दोघांचे नियम वेगळे आहेत एवढंच. शाळेच्या पुस्तकात वर्ग (म्हणजे गुणांचे गट) असे सलग असले की वरची मर्यादा त्या वर्गात धरत नाहीत, म्हणून ४० वाला पोरगा ४०-५० मध्ये जातो. एक्सेलचं फ्रिक्वेन्सी फंक्शन मात्र बिनचा, म्हणजे प्रत्येक वर्गाच्या वरच्या मर्यादेचा, आकडा धरून मोजतं, म्हणजे ४० लिहिलं की ४० पर्यंतचे सगळे, त्यामुळे तोच पोरगा खालच्या वर्गात पडतो. बिनमध्ये ४०, ५०, ६० ऐवजी ३९.५, ४९.५, ५९.५ टाका, अर्धे गुण दिलेले असले तरी हातच्या सारणीशी बरोब्बर जुळेल.

आता विचारलं नाहीये तरी सांगतो, कारण भलेभले इथे गंडतात. १०-१४, १५-१९ असे वर्ग दिसले की सगळे डोळे झाकून अर्धा वजा, अर्धा अधिक करून ९.५-१४.५ करून मोकळे होतात. वजन जवळच्या किलोत लिहिलं असेल तर ते ठीकच आहे, १४.४ किलोचे आपण १४ लिहितो. पण वयाचं काय? १४ वर्षं ११ महिन्यांचा मुलगाही वय १४ च सांगणार ना, म्हणजे तो वर्ग खरं तर १० ते १५ चा झाला आणि वर्गमध्य, म्हणजे वर्गाचा मधला आकडा, १२ नाही, १२.५. सगळ्याच वर्गांत तो अर्धा वजा-अधिक केला की सरासरी वय सरळ अर्ध्या वर्षाने कमी येतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. (परीक्षेत मात्र पुस्तकातली पद्धतच लिहा, मार्क तिलाच आहेत.)

वर्ग किती करायचे याला स्टर्जेसचं १९२६ चं सूत्र आहे, त्याने ६० मुलांना साधारण ७ वर्ग येतात. मी ते फक्त अंदाजाला वापरतो. पासिंग ३५ ला असेल तर ३०-४० हा वर्ग काय कामाचा, त्यात नापास किती आणि काठावर पास किती हेच कळत नाही, त्यापेक्षा २५-३५, ३५-४५ असे घ्या. आणि सरासरी सारणीवरून काढत बसू नका, मूळ यादी तुमच्याकडे आहेच, तिच्यावरूनच काढा, वर्गमध्य धरून येते ती अंदाजी.