डॉ. आंबेडकर एकूण किती निवडणुका लढले? १९५२ साली ‘त्यांच्याच लोकांनी मतं दिली नाहीत’ म्हणून ते हरले, हे खरं आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. हे खोटं आहे. वर्षानुवर्षं हे वाक्य फिरतंय, आणि ते फेकणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी त्या मतदारसंघाचा निकाल ओळीने वाचलेला असतो. तो इथे वाचू.

मतदारसंघ होता मुंबई शहर उत्तर, आणि तो दुहेरी होता. एक जागा सर्वसाधारण, एक अनुसूचित जातींसाठी राखीव, पण दोन्हींसाठी मतदार तेच. पहिल्या लोकसभेला असे ८६ दुहेरी मतदारसंघ होते. प्रत्येक मतदाराला दोन मतं. मतपत्रिकेवर शिक्का वगैरे मारायचा नव्हता. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर त्याचं चिन्ह, आणि पडद्याआड जाऊन मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. दोन्ही मतं एकाच उमेदवाराला देता येत नसत. दिलीच, तर १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे त्यातलं एक मोजायचं आणि दुसरं बाद. यालाच तेव्हा ‘मत कुजवणं’ म्हणत.

आता आकडे. काँग्रेसचे विठ्ठल गांधी १,४९,१३८. समाजवादी पक्षाचे अशोक मेहता १,३९,७४१. काँग्रेसचे राखीव जागेचे उमेदवार नारायण काजरोळकर सुमारे १ लाख ३८ हजार. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे बाबासाहेब १,२३,५७६. कम्युनिस्ट पक्षाचे श्रीपाद अमृत डांगे ९६,७५५. म्हणजे मेहतांना काजरोळकरांपेक्षा जास्त मतं पडूनही ते घरी गेले, कारण राखीव जागा अनुसूचित जातींच्या उमेदवारांमध्ये ज्याला सर्वांत जास्त मतं त्यालाच मिळायची. उरलेली जागा मग बाकीच्या सगळ्यांमध्ये पुढे असलेल्याची.

बाबासाहेब साडेचौदा हजारांच्या आसपास मतांनी मागे राहिले. फेडरेशन आणि समाजवादी यांची युती होती. ठरल्याप्रमाणे मेहतांच्या मतदाराने दुसरं मत हत्तीच्या पेटीत टाकायचं आणि फेडरेशनच्या मतदाराने झाडाच्या. पण मेहता आणि बाबासाहेब यांच्या मतांत १६,१६५ चा फरक आहे. मेहतांना जितकी पडली तितकीच मतं बाबासाहेबांना पडती, तर राखीव जागा दीड हजारांवर मतांनी त्यांची झाली असती. गळती कुठे झाली ते यातच दिसतं. मित्रपक्षाचा सवर्ण मतदार मेहतांच्या पेटीपर्यंत आला आणि पुढच्या पेटीशी थांबला. काँग्रेसचं काम सोपं होतं, दोन्ही उमेदवारांचं चिन्ह बैलजोडीच, एका वाक्यात मतदाराला समजावता यायचं. तरीही काजरोळकरांना गांधींपेक्षा अकरा हजार मतं कमीच पडली. राखीव उमेदवाराला दुसरं मत द्यायला हात आखडणं दोन्हीकडे होतं, युतीत ते जास्त महाग पडलं.

मग डांगे. कम्युनिस्टांनी आपल्या मतदारांना मतं कुजवायला सांगितलं. यात मेख अशी की डांग्यांचं स्वतःचं काही जात नव्हतं. विळा-कणसाच्या पेटीत दोन मतपत्रिका पडल्या तरी एक मोजली जाणारच. नुकसान व्हायचं ते त्या दुसऱ्या मतावर आस लावून बसलेल्या उमेदवाराचं. निकालानंतर बाबासाहेब आणि मेहता यांनी मिळून निवडणूक याचिका केली. ७४,३३३ मतपत्रिका बाद ठरवून मोजल्याच नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. या बाद मतांपैकी पाचात एक जरी बाबासाहेबांकडे आलं असतं, तरी निकाल फिरला असता. तो फिरला नाही. कामगारांचं राजकारण करणाऱ्या पक्षाने गिरणगावात कामगारांना मत वाया घालवायला शिकवावं, हे माझ्या लेखी अक्षम्य आहे, आणि ‘ती तर फक्त निवडणुकीची रणनीती’ हा बचाव मला कधीही पटलेला नाही.

याच शहरात १९३७ ला उलटं घडलं होतं. मुंबई प्रांतात तेव्हा मतदाराला आपली सगळी मतं एकाच उमेदवाराला देता येत. भायखळा-परळ भागात, म्हणजे ई आणि एफ वॉर्डात, बाबासाहेबांनी १३,२४५ मतं घेऊन काँग्रेसचे उमेदवार, नामवंत क्रिकेटपटू पी. बाळू यांना (११,२२५) हरवलं. त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने १७ उमेदवार उभे केले होते, त्यातले बहुतेक निवडून आले. माणूस तोच, वस्तीही बरीचशी तीच. १९५२ मध्ये नियम बदलला होता आणि निम्मं भवितव्य दुसऱ्यांच्या मतदारांच्या हातात गेलं होतं.

बाबासाहेबांनी लढवलेली भंडाऱ्याची १९५४ ची पोटनिवडणूकही दुहेरीच. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर आठ हजारांहून जास्त मतांनी जिंकले, सर्वसाधारण जागेवर मेहता. तिथे कार्यकर्त्यांनी दुसरं मत कुजवू या असं सुचवलं होतं आणि बाबासाहेबांनी ते साफ नाकारलं. ज्यांना १९५२ आणि १९५४ एकाच मापाने मोजायचंय त्यांनी हा फरक लक्षात ठेवावा.

राहिला तुमचा पहिला प्रश्न. थेट जनतेतून १९३७, १९५२, १९५४. एक विजय, दोन पराभव. १९२७ पासून मुंबई विधान परिषदेवर ते होते ते नामनियुक्त म्हणून. संविधान सभेवर १९४६ ला बंगालमधून, फाळणीनंतर १९४७ ला मुंबईतून. ही निवडणूक आमदार करत. राज्यसभेवर १९५२ ला मुंबई राज्यातून गेले, अखेरपर्यंत तिथेच.

एक गोष्ट मान्य करायला हवी. बाद मतांपैकी नेमकी किती डांग्यांच्या मतदारांची होती, हे त्या आकड्यावरून ठरत नाही. फेडरेशनच्या काही मतदारांनीही दोन्ही मतपत्रिका हत्तीच्याच पेटीत टाकल्या असतील. तसं झालं असेल तर त्याचा तोटा मेहतांना झाला, बाबासाहेबांना नाही. त्यामुळे ‘त्यांच्याच लोकांनी पाडलं’ हे त्यातूनही सिद्ध होत नाही.

तुम्हाला कुणी पुन्हा हे वाक्य ऐकवलं तर वाद घालू नका, १९५७ चा मुंबई शहर मध्यचा निकाल पुढे ठेवा. तोही दुहेरी मतदारसंघ, नियम तेच. पण तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीत कम्युनिस्ट आणि फेडरेशन एकत्र होते. सर्वसाधारण जागेवर डांगे निवडून आले आणि राखीव जागेवर फेडरेशनचे गोपाळ माने.