डीएमनंतर प्रौढांच्या अपस्माराची फेलोशिप करावी का?

डीएम न्यूरॉलॉजी (मेंदू व मज्जासंस्थेच्या विकारांतील अतिविशेष पदवी) झाल्यावर प्रौढांच्या अपस्माराच्या, म्हणजे फिटच्या आजाराच्या, विशेष प्रशिक्षणासाठी (फेलोशिप) आणखी एक वर्ष द्यावे की सरळ प्रॅक्टिस सुरू करावी, आणि द्यायचेच तर भारतात की परदेशात, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर स्पष्ट आहे: द्यावे. मी हाच निर्णय घेतला तेव्हा आमच्या विभागातील एका वरिष्ठांनी सर्वांदेखत विचारले होते, "फिटच्या गोळ्या लिहायला वर्ष कशाला घालवतोस?" त्या दिवशी मला उत्तर सुचले नव्हते.

ते सुचले फेलोशिपच्या दुसऱ्या महिन्यात. सोलापूरकडचा एकोणतीस वर्षांचा एक शिंपी व्हिडिओ ईईजीसाठी, म्हणजे चित्रीकरणासह मेंदूच्या विद्युतलहरींच्या नोंदीसाठी, दाखल झाला होता. लहानपणी तापात बराच वेळ चाललेली आकडी, चौदाव्या वर्षापासून फिट आणि तीन औषधे चालू, असा त्याचा इतिहास होता. पहाटे त्याला फिट आली. सकाळी सरांनी चित्रफीत लावली तेव्हा माझी नजर ईईजीच्या रेषांवरच खिळलेली होती. सरांनी रेषांचा भाग झाकला आणि फक्त हात पाहायला सांगितले. रुग्णाचा उजवा हात चादरीशी चाळा करीत होता, ओठ चाटणे चालू होते आणि डावा हात मनगटातून पिळल्यासारखा वळून ताठ झाला होता, म्हणजे फिटचा उगम उजव्या टेम्पोरल लोबमध्ये (मेंदूचा कानशिलामागचा भाग) असण्याचा संभव अधिक. नंतर ईईजीने तीच बाजू दाखवली आणि एमआरआयमध्ये उजवा हिप्पोकॅम्पस (त्याच लोबच्या आतला स्मृतीशी निगडित भाग) आक्रसलेला दिसला. त्याची बायको म्हणाली, "डावा हात वाकडा होतो हे मी प्रत्येक डॉक्टरांना सांगत आले." पंधरा वर्षांच्या कागदांत मात्र फक्त डोस वाढत गेलेले होते, हाताचा उल्लेख कुठेही नव्हता.

योग्य निवडलेली आणि पुरेशा मात्रेत दिलेली दोन औषधे निष्फळ ठरली की तो अपस्मार औषधांना न जुमानणारा समजावा, ही आंतरराष्ट्रीय व्याख्या 2010 पासून आहे. टेम्पोरल लोबच्या शस्त्रक्रियेची कॅनडातील चाचणी 2001 मध्ये प्रसिद्ध झाली. तीत वर्षअखेर शुद्ध हरपणाऱ्या फिटपासून मुक्त झालेले रुग्ण शस्त्रक्रियेच्या गटात 58 टक्के आणि केवळ औषधांच्या गटात 8 टक्के होते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत तर अशा शस्त्रक्रिया 1995 पासून होत आहेत. आमच्या शिंप्याला शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या वर्षात एकही फिट आली नाही. चौथी गोळी लिहिण्याआधी हा मार्ग आठवणे आणि त्यासाठी रुग्ण नेमका निवडणे, हे त्या एका वर्षात अंगवळणी पडते.

गोळ्या लिहिण्याचे म्हणाल, तर त्याही सोप्या नाहीत. सकाळी हाताला झटके बसून चहाचा कप उडतो असे सांगणाऱ्या मुलीला कार्बामाझेपिन दिले तर झटके वाढू शकतात; व्हॅल्प्रोएट दिले तर पुढे गर्भाला व्यंगाचा आणि बौद्धिक वाढीत अडथळ्याचा धोका असतो. गरोदरपणात लॅमोट्रिजिन या औषधाची रक्तातील पातळी घसरते आणि नेमक्या त्याच काळात फिट पुन्हा येऊ शकते. मानसिक कारणाने येणाऱ्या झटक्यांवर वर्षानुवर्षे अपस्माराची औषधे घेणारे रुग्ण मी पाहिले आहेत. प्रौढांच्या अपस्मारातील हे सारे घाईच्या ओपीडीत शिकता येत नाही, असे माझे ठाम मत आहे.

परदेशाबद्दल एवढेच सांगतो की अमेरिकेत ही फेलोशिप साधारणपणे तिथली रेसिडेन्सी केलेल्यांसाठी असते. शिवाय आपल्याकडचे न्यूरोसिस्टिसर्कोसिसचे (मेंदूत फीतकृमीच्या अळ्या शिरून फिट आणणारा आजार) रुग्ण तिथे तितक्या संख्येने भेटत नाहीत. म्हणून मी भारतच सुचवीन.

मात्र घरावर कर्ज असेल, तर वर्षभराच्या मानधनाचा हिशेब आधी करा. आपला कल स्ट्रोककडे (पक्षाघाताच्या उपचारांकडे) असेल, तर हे वर्ष तिकडे द्या. आणि अर्ज करण्यापूर्वी त्या विभागातील सध्याच्या फेलोंना विचारा की रात्रीच्या फिट ते स्वतः वाचतात की केवळ अहवाल टंकतात, आणि शस्त्रक्रियेचा निर्णय होतो त्या बैठकीत त्यांना रुग्ण मांडू देतात का.