मल्टी-इंजिनचे तास लवकर आणि कमी खर्चात कसे भरावेत? जोडीदार घेऊन उडवलं तर चालतं का?

तुमच्याकडे अमेरिकी कमर्शियल लायसन्स आहे, मल्टी रेटिंग (एकाहून जास्त इंजिनांचं विमान उडवायची परवानगी) झालंय, एटीपीसाठी, म्हणजे एअरलाइन पायलटच्या लायसन्ससाठी, ५० मल्टी तास भरायचेत आणि शाळेने ब्लॉक अवर्ससोबत (एकगठ्ठा घेतलेले सवलतीचे तास) एक अनोळखी जोडीदार गळ्यात मारायचं ठरवलंय, असं तुम्ही लिहिलंय.

चालतं. माझे बरेचसे तास असेच भरलेत. पण ‘जोडीदार’ म्हटलं की माझी एक जुनी खपली निघते, त्यामुळे उत्तर लांबणार.

हिशेब तुम्हाला ठाऊक असेलच. एकाने हूड (बाहेरचं दिसू नये म्हणून डोक्यावर घालायचं झाकण) घालून उडवायचं, दुसऱ्याने सेफ्टी पायलट म्हणून बाहेर लक्ष ठेवायचं. उडवणारा पीआयसी (विमानाचा प्रमुख पायलट) म्हणून तास लिहितो, आणि त्या फ्लाइटची जबाबदारी सेफ्टी पायलटने घेतलेली असेल तर तोही पीआयसी लिहितो. भाडं अर्धं, तास दोघांना. मात्र सेफ्टी पायलटला मिळतो तो हूड डोक्यावर असेपर्यंतचाच वेळ. टॅक्सी, टेकऑफ, लँडिंग यातलं त्याला काही नाही, क्रॉस-कंट्रीही (दूरच्या एअरपोर्टपर्यंतचं उड्डाण) लिहिता येत नाही. उडवणाऱ्याने लॉगबुकात सेफ्टी पायलटचं नाव लिहायचं असतं. दोघांची लॉगबुकं शेजारी ठेवली की कुणी किती फुगवलंय ते कळतं, हे बऱ्याच जणांच्या इंटरव्ह्यूला जाईपर्यंत लक्षात येत नाही.

आता माझा जोडीदार. हात चांगला होता, ते नाकारत नाही. हेडिंग आणि उंची जागची हलायची नाही. पण तास म्हणजे तास, हे त्याचं ब्रीद. आमचं विमान जुनं सेमिनोल (पायपरचं दोन इंजिनांचं छोटं विमान), ड्राय रेटवर, म्हणजे इंधन आमच्या खिशातून. भाड्याचे तास मोजणाऱ्या हॉब्स मीटरला तुम्ही जोरात चाललाय की रमतगमत, याच्याशी काही देणंघेणं नसतं. मग थ्रॉटल मागे घ्यायचे, ५५ टक्के पॉवरवर संथ जायचं, इंधन वाचवायचं. डोकं त्याचंच, आणि गणितात चूक काही नव्हती.

त्या दिवशी पाऊस नुकताच ओसरला होता आणि आम्ही ढगांच्या खाली दमट हवेत होतो. कार्ब्युरेटरची इंजिनं, कमी पॉवर, ओली हवा. कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरणार, हे तुम्हाला कळलं असेल.

तो हूडखाली, मी उजव्या सीटवर. मॅनिफोल्ड प्रेशरच्या, म्हणजे इंजिन किती ताकद देतंय ते सांगणाऱ्या, एकाच डायलवर दोन काटे असतात. त्यातला डाव्या इंजिनाचा काटा उजव्याला सोडून खाली यायला लागला. झपकन नाही, मिनिटभर दुसरीकडे बघितलं तर आधी कुठे होता ते आठवू नये इतका सावकाश. आरपीएम मात्र होता तिथेच. कॉन्स्टंट स्पीड प्रॉपची (एकाच वेगाने फिरत राहणाऱ्या पंख्याची) हीच मेख आहे. गव्हर्नर पात्यांचा कोन कमी करून आकडा धरून ठेवतो, आवाजही तसाच राहतो. नाक डावीकडे सरकलं, की त्याने रडर ट्रिम (नाक एका बाजूला धरून ठेवायचं चाक) उजवीकडे जराशी फिरवली. थोड्या वेळाने पुन्हा जराशी. हेडिंग एकदम चोख! त्याचं सगळं लक्ष हेडिंगवर, आणि हेडिंग चुकत का होतं हा प्रश्नच त्याला पडला नाही.

मी म्हटलं, “डाव्याची कार्ब हीट ओढ,” म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये गरम हवा सोड. तो म्हणाला, “मी उडवतोय.” मग मीच ओढली. इंजिन खडखडलं, काटा आणखी खाली गेला. बर्फ वितळून पाणी इंजिनात शिरतं तेव्हा हे व्हायचंच. त्याने पटकन हात पुढे केला, लिव्हर परत वर ढकलायला. मी त्यावर हात ठेवून बसलो. काही क्षणांत खडखड थांबली, काटा वर चढला आणि मघापासून उजवीकडे पिळून ठेवलेल्या ट्रिममुळे नाक उजवीकडे वळलं. आता ते सावरायलाही त्याला वेळ लागला.

मी म्हटलं, जवळच्या एअरपोर्टवर उतरू. तो म्हणाला, इंजिन ठीक झालंय, अजून तासभर बाकी आहे, आणि वर ऐकवलं, “तू सेफ्टी पायलट आहेस, कॅप्टन नाहीस.”

माझा राग इंजिनापेक्षा या वाक्यावर जास्त आहे. त्या तासाचा पीआयसी मी लिहिणार, अर्धं भाडं मी भरणार, काही झालं तर चौकशीत नाव माझं येणार, आणि निर्णय घ्यायची वेळ आली की मी पॅसेंजर? उतरलो आम्ही. तो अजूनही ओळखीच्यांत सांगतो की कार्ब आइसिंगला घाबरून मी विमान खाली आणलं. तर ऐका. उजवं इंजिनही तीच हवा घेत होतं. दोन इंजिनांचा आधार असतो तो एखादा भाग तुटला तर. दोघांना एकच हवा आणि तेच हवामान असेल तिथे त्याचा उपयोग नाही. शिवाय एक इंजिन गेलं की निम्मी पॉवर जाते, पण चढण्याची क्षमता ८० टक्क्यांहून जास्त जाते. सेमिनोल एका इंजिनावर समुद्रसपाटीला मिनिटाला २०० फुटांच्या आसपास चढतं, तेही पुस्तकात. आमचं विमान पुस्तकातलं राहिलं नव्हतं.

तुमच्या प्रश्नाकडे येतो. शाळेकडे ट्विन (दोन इंजिनांची विमानं) किती आहेत ते आधी विचारा. एकच असेल तर १०० तासांच्या तपासणीला गेलं की तुमचं ‘लवकर’ तिथेच हँगरमध्ये उभं राहतं. ब्लॉकचे सगळे पैसे आगाऊ देऊ नका, सवलत कितीही मोठी असो. १० तासांचे हप्ते पाडून मागा. जी शाळा नाही म्हणते तिला पैशांची चणचण आहे असं मी तरी समजतो. मोजणी हॉब्सवर आहे की टॅकवर (इंजिनाच्या फेऱ्यांवर चालणारं मीटर) ते लेखी घ्या, कमी पॉवरवर दोघांत बराच फरक पडतो. विम्यात दोघांची नावं बसतात का तेही.

विमानाचं म्हणाल तर इंधन कमी पितात ती टेकनाम पी२००६टी आणि डीए४२. पण डीए४२ मध्ये दर इंजिनाला एकच लिव्हर, प्रॉप आणि इंधन कॉम्प्युटर सांभाळतो. तास स्वस्त पडतील, हाताला वळण कमी लागेल. माझं मत सेमिनोललाच.

खरी बचत मात्र एमईआयमध्ये (मल्टी शिकवायचं रेटिंग) आहे. मल्टीमध्ये १५ तास पीआयसी झाले की त्या परीक्षेला बसता येतं, नंतरच्या तासांचे पैसे दुसरा भरतो. रेटिंगसाठी शिकवायचं तर त्याच मेक-मॉडेलवर ५ तास पीआयसी हवेत, म्हणून आधीचे तास दहा प्रकारच्या विमानांत विखुरू नका. एटीपीच्या मान्यताप्राप्त कोर्समधले फुल फ्लाइट सिम्युलेटरचे २५ तासांपर्यंत त्या ५० मध्ये धरता येतात.

आणि जोडीदार घेतलाच, तर इंजिन सुरू करायच्या आधी कागदावर लिहा: आजचा पीआयसी कोण, कंट्रोल कुणी कधी घ्यायचे, उतरायचं कुणी ठरवायचं. दोघांच्या सह्या. “मित्रांत कसले कागद” असं तो म्हणाला, तर शाळेकडे दुसरा जोडीदार मागा. सरळ रेषेत ऑटोपायलट लावून तास भरू नका. हूड आहेच डोक्यावर, तर अप्रोच (उपकरणांवर बघून उतरणीचा सराव) करा, उंचीवर एक इंजिन झीरो थ्रस्टला, म्हणजे बंद पडल्यासारखं, ठेवून उडवा. त्यासाठी मात्र सोबत एमईआय असलेला बरा, दोन नवख्यांनी हे प्रयोग करू नयेत.

एक राहिलं. बर्फ गेल्यावर कार्ब हीट आणि पॉवर वाढवून पुढे जाणं नेहमीच चूक असतं असं नाही, अनुभवी लोक जातात. त्या दिवशी आमच्यातला कुणी तेवढा अनुभवी नव्हता. दोघांनी पीआयसी लिहायची ही सोय अमेरिकी नियमांतली आहे. युरोपात एका फ्लाइटला एकच पीआयसी. पुढे लायसन्स दुसऱ्या देशात बदलून घ्यायचं डोक्यात असेल, तर सेफ्टी पायलटचे तास तिथे धरतात का हे ब्लॉकचे पैसे भरण्याआधी तिथल्या नियामकाला मेल करून विचारा.