पाठीतल्या इंजेक्शनने घोडी लुळी पडेल का?

प्रश्न : आमची मारवाडी घोडी पहिल्यांदाच व्यायली. शिंगराचा खूर अडकून योनी आणि गुदद्वार यांमधला भाग फाटला. डॉक्टर म्हणतात, दीड महिन्याने तिला उभी ठेवूनच, पाठीत इंजेक्शन देऊन टाके घालू. आई म्हणते, घोडीची कंबर कायमची जाईल. काय करावं? – एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : करून घ्या. दीड महिना थांबायचं तेही बरोबरच, कारण सुजलेल्या जखमेत टाका धरत नाही.

सुई कमरेत नाही, शेपटीच्या मुळाशी जाते. शेपटी वरखाली हलवून बोटाखाली पहिला हलणारा सांधा शोधतात. मज्जारज्जू त्याच्या बराच पुढे, डोक्याच्या बाजूला, त्रिकास्थीतच (कंबर आणि शेपटी यांमधल्या हाडात) संपतो, त्यामुळे सुई त्याला लागत नाही. सुई योग्य जागी असली की तिच्या तोंडाशी ठेवलेला थेंब बहुतेक वेळा आपोआप आत ओढला जातो. तो आत गेला की माझा जीव भांड्यात पडतो.

आईंची भीती मात्र उगाच नाही. ४०० किलोच्या घोडीला २ टक्के लिग्नोकेन (बधिर करणारं औषध) ५ ते ७ मिलि पुरतं. जास्त झालं तर औषध पुढे सरकतं आणि मागचे पाय काही काळ लटके पडतात. गाय अशा वेळी बसून राहते. घोडी बिथरते, उठायला धडपडते आणि पाय मोडून घेते. म्हणून वजन अंदाजाने धरू नका, छातीच्या घेराची टेप लावून काढा. असर यायला पंधरा-वीस मिनिटंही लागतात, तेव्हा घाईने दुसरा डोस नको. सुई टोचायच्या जागेवर जखम किंवा पू असेल तर इंजेक्शन पुढे ढकला.

खरी काळजी नंतरची. लीद टाकताना दुखलं की घोडी ती धरून ठेवते, लीद कडक होते आणि टाके तुटतात. शेपटीच्या मुळाशी त्याच वाटेने मॉर्फिन (अफूतलं वेदनाशामक) दिलं तर दुखणं थांबतं, पायांतलं बळ राहतं. असर सावकाश येतो, पण दहा-बारा तास किंवा जास्तही टिकतो. अमली पदार्थांच्या कायद्यामुळे ते प्रत्येक डॉक्टरकडे नसतं. आधीच विचारून ठेवा. लीद मऊ राहील असा आहारही शस्त्रक्रियेच्या आधीपासून त्यांच्याकडून ठरवून घ्या.

शेपटी स्वतः हलवू लागेपर्यंत घोडीला खोड्यातून (उभं अडकवून ठेवायच्या चौकटीतून) काढू नका. शिंगरू तिच्या नजरेसमोर कुणीतरी धरून उभं राहा. ते दिसेनासं झालं तर गुंगीच्या औषधातही ती स्वस्थ उभी राहणार नाही.