पोराचे पाय चोळू की नको?

"ताई, आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातले. मुलगा सोळा वर्षांचा. दहावीनंतर त्याचं बोलणं बंद होत गेलं, जेवण सुटलं, रात्ररात्र जागा राहायचा. बारा दिवसांपासून शहरातल्या दवाखान्यात मानसिक वॉर्डात भरती आहे. डॉक्टर डिप्रेशन म्हणतात. रात्री मी खोबरेल लावून त्याचे तळपाय चोळते, तेव्हा कुठं डोळा लागतो. दीर म्हणतात, 'चोळल्यानंच झोप येते तं गोळ्या काऊन देता? गावातल्या मालिशवाल्याकडं न्या, तो नसा मोकळ्या करते.' पण परवा मी पाठीला हात लावला तर पोरानं झटकून टाकला. रात्रभर रडली मी. त्याचे बाबा येतात, खिडकीपाशी उभे राहतात आणि जातात. इकडं निंदण खोळंबलं, घरचे परत ये म्हणतात. काय करू?
— एक आई"

ताई, आधी निंदणाचं सांगते. तुम्ही तिथून हलू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे अठराच्या आतलं लेकरू भरती असेल, तर पालकानं किंवा पालकानं नेमलेल्या माणसानं भरती असेपर्यंत त्याच्याजवळ राहायचंच असतं. घरच्यांना हे कायद्याचं म्हणून सांगा, आईच्या मायेचं सांगितलं की कोणी ऐकत नाही. थकलात तर दिरांची पाळी लावा. वॉर्डात दोन रात्री काढल्या की गोळ्यांबद्दलचं मत बदलतंही माणसाचं.

आता चोळण्याचं. तुम्ही करताय ते खुळचटपणाचं नाही. १९९२ साली अमेरिकेत मायामीला टिफनी फील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मनोरुग्णालयात भरती असलेल्या ५२ मुलांची पाठ रोज अर्धा तास, असे पाच दिवस चोळून घेतली. दुसऱ्या गटातल्या मुलांना तेवढा वेळ मन निवांत करणारे व्हिडिओ दाखवले. चोळलेल्या मुलांची उदासी आणि घालमेल कमी झाली, लाळेतलं ताणाचं संप्रेरक उतरलं, रात्रीची झोप वाढली. नर्सबाईंनाही ती शेवटच्या दिवशी कमी बेचैन वाटली. तुमच्या पोराचा डोळा लागतो, त्याचं नवल नाही.

पण पाच दिवस चोळून ती पोरं आजारातून उठली, असं त्यात कुठं नाही. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्तही. कपाशी टोबल्यावर बाराव्या दिवशी कोणी बोंडं शोधत नाही. गोळ्या मनानं तोडल्या तर चक्कर येते, चिडचिड होते, झोप उडते, आणि आजार उलटायची भीती असते ती वेगळीच. मालिश चालू ठेवा, गोळ्याही चालू ठेवा. आणि त्या नसा मोकळ्या करणाऱ्याला लांबूनच नमस्कार. मान कडकन मोडून डिप्रेशन जात नाही, मान मात्र जाऊ शकते.

रडू आलं ते हात झटकण्याचं. मला विचाराल तर त्यात मला पोराची थोडी धुगधुगी दिसली. वॉर्डात त्याचं स्वतःचं असं काय आहे? उठवतात तेव्हा उठायचं, देतात ती गोळी गिळायची, तोंड उघडून दाखवायचं. पूर्ण दिवसात त्याला एकच 'नाही' म्हणता आलं असेल, आणि ते तुमच्या वाट्याला आलं, कारण तुमच्यावर त्याचा भरवसा आहे. तळपायाला हात लागताना त्याला तुम्ही दिसता. पाठीमागून आलेला हात दिसत नाही.

म्हणून दर वेळी समोर बसून विचारा, "पाय चोळू का?" आणि थांबा. तो बोलणार नाही कदाचित. चादरीखालून पाय पुढं सरकवला तर हो, आखडून घेतला तर नाही. नाही म्हणाला तर कारण विचारत बसू नका, रुसू नका. ठराविक जागी हात लागला की दर वेळी दचकतो असं दिसलं, तर तेवढं डॉक्टरांच्या कानावर घाला. उलटतपासणी तुम्ही करायची नाही.

आजच्या रात्रीआधी वॉर्डातल्या सिस्टरना आणि डॉक्टरांना हे चोळण्याचं सांगून टाका. अंगावर जखम असेल, ताप असेल, एकच पाय सुजला असेल, तर चोळायचं नसतं. ज्याला कानात आवाज येतात किंवा कोणी मारायला टपलंय असं वाटतं, त्याला साध्या स्पर्शाचीही धास्ती बसते. तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या पोराला मायेनं हात लावायला जाऊ नका. तेलाची काचेची बाटली वॉर्डात नकोच. चोळून झालं की तळपाय फडक्यानं कोरडे पुसा. काही गोळ्यांनी उठताना अंधारी येते, त्यात तेलकट पाय आणि वॉर्डाची गुळगुळीत फरशी. रात्री लघवीला उठला तर आपटेल. (माझी आजी काशाच्या वाटीनं तळपाय घासून घ्यायची आणि तशीच चालायची. एकदा मोरीत पडली, तेव्हापासून मला हे सुचतं.)

सुट्टी झाल्यावर गावात रात्री-बेरात्री काही वाटलं तर टेली मानस या मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

राहिले त्याचे बाबा. पोळ्याच्या आदल्या सांजेला ते बैलांचे खांदे हळद-तुपानं शेकत असतील, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणत असतील. त्या हातांना खांदा कसा धरायचा ते कळतं. पोरगं वयात आलं की बाप हात लावायचं सोडतो, आपल्याकडं सगळीकडं असंच आहे. एकदा त्यांना म्हणा, विचारून, सदऱ्यावरूनच, पाच मिनिटं त्याचे खांदे दाबून बघा. पोरगं नाही म्हणालं तर तिथंच बसा म्हणावं. खिडकीपाशी नाही, खाटेवर.