फोटोच्या पुढे

चि.,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं तांब्याचं पेन्सिलचित्र बघितलं. खाली तुझा शेरा : "काका, अगदी फोटोच!" हे ऐकून चित्रकाराला बरं वाटेल, पण एकदा फोटो म्हटलं की आपण पुढे बघतच नाही.

आधी चकाकी बघ. तिथे पांढरा रंग नाही, तो कोरा कागद आहे, जपून राखलेला. (काही जण खोडरबरने उजेड काढतात, तेही चालतं.) ती झळाळते शेजारच्या काळ्यामुळे. तो काळा भाग बोटाने झाक, चकाकी लगेच मलूल होईल. मग मठारकाम बघ, म्हणजे भांड्यावर हातोडीने ठोकून उठवलेल्या खुणा. प्रत्येक ठोक्याला आपला उजेड, आपली सावली असते. गळ्याजवळचे ठोके त्याने एकेक करून काढलेत, बुडाकडच्या अंधारात मात्र सरळ सोडून दिलेत. काय काढायचं नाही हे ठरवणं, मला विचारशील तर, तासन्‌तास घोटण्यापेक्षा अवघड.

इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेला स्थिरचित्र काढलंयस, तेव्हा पडछायेचं तुला सांगायला नको. बूड टेकतं तिथे गडद, दूर जाताना विरत जाणारी. सगळी एकसारखी काळी केली की भांडं तरंगायला लागतं.

पेन्सिलीतल्या शिशाचंही थोडं सांगतो. ग्रॅफाइटमध्ये माती मिसळून शिसं भाजायची रीत फ्रान्सच्या निकोला-जाक काँतेने १७९५ मध्ये काढली. माती जास्त तर एच, म्हणजे कडक आणि फिकट; ग्रॅफाइट जास्त तर बी, म्हणजे मऊ आणि गडद. ६बी, ८बीचे गडद भाग दिव्याखाली चमकतात आणि काळ्याचं करडं दिसतं. म्हणून मूळ चित्रासमोर एका जागी खिळून उभं राहू नकोस, जरा डावी-उजवीकडे सरक. मोबाइलवर यातलं काहीच कळत नाही.

आणि एकदा भांडीबाजारात चक्कर मार. मठारलेला तांब्या हातात घेऊन दारातल्या उजेडात सावकाश फिरव. दुकानदाराने विचारलं तर "नुसतं बघायचंय" म्हणून सांग. नाशिकचे दुकानदार एवढं मनावर घेत नाहीत. घरी येऊन ते चित्र पुन्हा समोर घे. त्यात एके ठिकाणी उजेडाची बाजू चुकली आहे असं मला वाटतं. कुठे, ते तू शोधून कळव.

तुझा,
काका